लीलावतीकार भास्कराचार्य

सूर्यचंद्राची ग्रहणे आणि ग्रहांच्या गती अचूक मांडणारे भास्कराचार्य हे मध्ययुगीन भारतातील अग्रगण्य गणिती होत. परंतु त्यांच्या गणिताच्या पुस्तकाचा आरंभ आकाशापासून होत नाही. तो कवड्यांपासून होतो. किती कवड्यांचे कोणते नाणे होते, हे विद्यार्थ्याला आधी सांगून मगच ते पुढच्या गणिताकडे वळतात.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. प्राचीन ग्रंथकारांचा काळ बहुधा तर्काने ठरवावा लागतो. भास्कराचार्यांनी मात्र आपले जन्मवर्ष, ग्रंथ लिहिताना असलेले वय, गोत्र आणि गाव या सर्वांची नोंद स्वतःच करून ठेवली आहे. हिशेबी माणसाला शोभेल अशीच ही गोष्ट आहे. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडवीड हे त्यांचे गाव आणि शांडिल्य हे त्यांचे गोत्र. वडील महेश्वर हे ज्योतिषशास्त्राचे जाणकार होते आणि तेच भास्कराचार्यांचे गुरू झाले. घराण्यात विद्येची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. त्यांच्या एका पूर्वजाला भोजराजाकडून 'विद्यापती' ही पदवी मिळाली होती.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' हा ग्रंथ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग आहेत. शेवटच्या दोन भागांत ग्रहांच्या गतीचे आणि पृथ्वीच्या गोलाचे विवेचन आहे, तर बीजगणितात अज्ञात राशी शोधण्याच्या रीती आहेत. या भागांनी त्यांना विद्वानांत मान मिळवून दिला. त्यांचे नाव सर्वाधिक लोकांपर्यंत नेले ते मात्र 'लीलावती'ने. लीलावती म्हणजे अंकगणित आणि मोजमाप यांचे पुस्तक. ज्याला आकाशाचा हिशेब करायचा त्याला आधी साधी आकडेमोड आली पाहिजे, म्हणून हा भाग प्रथम ठेवलेला आहे. तरीही त्यातली उदाहरणे पाहिली की ती केवळ भावी ज्योतिष्यांसाठी रचली असतील असे वाटत नाही. त्यांत केशर विकत घेणारे गिऱ्हाईक आहे, व्याजाने पैसे देणारा सावकार आहे, भागीदारीत धंदा करणारे व्यापारी आहेत आणि यात्रेहून परतणारा प्रवासीही आहे.

पुस्तकाच्या सुरुवातीला नाण्यांचे कोष्टक येते. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क. म्हणजे एका द्रम्माच्या १,२८० कवड्या आणि एका निष्काच्या २०,४८० कवड्या झाल्या. चार आणि सोळा हे आकडे जुन्या पिढीतील लोकांना ओळखीचे वाटतील. १९५७ मध्ये दशमान नाणी येईपर्यंत आपल्याकडे आण्याचे चार पैसे आणि रुपयाचे सोळा आणे होत असत. या आकड्यांची सोय अशी की सोळाचा अर्धा, पाव, अष्टमांश असे भाग करत गेले तरी अपूर्णांक उरत नाही. बाजारात व्यवहार होतो तो पाव, अर्धा आणि पाऊण यांचाच. द्रम्म हा शब्दही मराठीतून पुरता गेलेला नाही. 'दाम' हा आपला शब्द त्याच्यापासूनच आलेला आहे. कवडी तर भाषेत पक्की रुजली आहे. कवडीमोल वस्तू, फुटकी कवडी, कवडीचुंबक माणूस हे शब्द कवडी चलनातून गेल्यावरही टिकून राहिले आहेत.

असा एक कवडीचुंबक लीलावतीतही भेटतो. एका याचकाने त्याच्याकडे काही मागितले. त्याने द्रम्माच्या अर्ध्याचे दोन तृतीयांश घेतले, त्याचे तीन चतुर्थांश केले, त्याचा पाचवा भाग काढला, त्या पाचव्या भागाचा सोळावा भाग काढला आणि त्याचाही चौथा भाग याचकाच्या हातावर ठेवला. तर त्याने किती कवड्या दिल्या, असा प्रश्न आहे. द्रम्माच्या १,२८० कवड्या, त्याचा अर्धा भाग ६४०. त्याचे दोन तृतीयांश आणि मग त्याचे तीन चतुर्थांश या दोन पायऱ्या मिळून निम्मे होतात, म्हणून ३२०. त्याचा पाचवा भाग ६४, त्याचा सोळावा भाग ४ आणि त्याचा चौथा भाग १. इतकी मोठमोठी नावे घेऊन दिलेले दान एका कवडीचे निघते. अपूर्णांकांचा गुणाकार एरवी रुक्ष वाटतो. येथे उत्तर काढणाऱ्याला हसू येते आणि रीतही लक्षात राहते. त्याच वेळी दुसरीही एक गोष्ट कळते. बोलण्यात मोठा वाटणारा हिस्सा प्रत्यक्षात किती असतो, हे आकडेमोड केल्याशिवाय समजत नाही.

नाण्यांनंतर वजने आणि मापे येतात. गुंजेपासून पळापर्यंतची वजने, बोटापासून कोसापर्यंतची लांबी, जमिनीचे क्षेत्र आणि धान्याचे माप अशी ही कोष्टके आहेत. आठ जवांचे एक अंगुळ, चोवीस अंगुळांचा एक हात, चार हातांचा एक दंड आणि दोन हजार दंडांचा एक कोस. लांबीचे मोजमाप माणसाच्या शरीरापासून सुरू होते. कालमापनासारखी उरलेली कोष्टके मात्र त्यांनी दिली नाहीत. ती लोकव्यवहारातून शिकून घ्यावीत, असे त्यांनी सुचवले आहे. लोक रोज वापरतात ते ज्ञान पुस्तकात पुन्हा सांगण्याची गरज नाही, असे या आचार्यांना वाटत होते.

लीलावतीचा कणा म्हणजे त्रैराशिक. तीन राशी माहीत असतील तर चौथी काढण्याची ही रीत आहे. अमुक पैशांना अमुक माल मिळतो, तर तमुक पैशांना किती मिळेल, हा प्रश्न बाजारात दिवसातून अनेकदा पडतो. भास्कराचार्यांच्या मते व्यवहारातील बहुतेक गणित या एका रीतीतच सामावलेले आहे. त्यांचे केशराचे उदाहरण प्रसिद्ध आहे. एका निष्काच्या सात भागांपैकी तीन भागांना अडीच पळे केशर मिळते, तर नऊ निष्कांना किती मिळेल? अडीच पळांना नवांनी गुणायचे आणि तीन सप्तमांशांनी भागायचे. उत्तर साडेबावन्न पळे येते. पळाचे चार कर्ष होतात, म्हणून बावन्न पळे आणि दोन कर्ष. केशर तेव्हाही महाग असल्याने दोन कर्षांचाही हिशेब सोडून चालणार नव्हते.

याच ठिकाणी ते एक महत्त्वाची खबरदारी सांगतात. प्रत्येक प्रश्न सरळ त्रैराशिकाचा नसतो. धान्याची एक रास सात आढकांच्या मापाने मोजली तेव्हा शंभर मापे भरली. तीच रास पाच आढकांच्या मापाने मोजली तर किती मापे भरतील? सरळ रीत लावणारा विद्यार्थी येथे चुकतो, कारण माप लहान झाले की मापांची संख्या कमी न होता वाढते. उत्तर एकशे चाळीस. रास मात्र तेवढीच राहते. हे व्यस्त त्रैराशिक ज्याला येत नाही त्याला मापांची वाढलेली संख्या पाहून जास्त धान्य पदरात पडल्याचा भास होतो. खळ्यावर आणि धान्याच्या बाजारात अशा भासाने पुष्कळांचे नुकसान झालेले आहे. लहान माप ठेवणाऱ्याला आकडा मोठा करून दाखवता येतो आणि समोरच्या माणसाला गणित येत नसेल तर त्याची लबाडी उघड होत नाही.

व्याजाची उदाहरणे याहून गंभीर आहेत. शंभरांना महिन्याला पाच व्याज पडत असेल, तर सोळांना वर्षाचे किती? उत्तर नऊ पूर्णांक तीन पंचमांश. सोळा निष्कांचे कर्ज घेतलेल्याला वर्षभरात जवळजवळ दहा निष्क नुसते व्याज द्यावे लागते. महिन्याला शेकडा पाच हा दर ऐकायला हलका वाटतो. वर्षाचा हिशेब केला की तो शेकडा साठ होतो. भास्कराचार्य येथे थांबत नाहीत. तेच उदाहरण उलट फिरवून ते विचारतात : मुद्दल आणि व्याज माहीत असेल तर मुदत किती? मुदत आणि व्याज माहीत असेल तर मुद्दल किती? पुढे ते मुद्दल आणि व्याज मिळून झालेली रक्कम देतात. शेकडा पाचच्याच दराने वर्षाअखेर एकूण हजार झाले, तर त्यांतले मुद्दल किती आणि व्याज किती? मुद्दल ६२५, व्याज ३७५. कर्जदारासमोर बहुतेक वेळा एकच एकत्रित आकडा ठेवला जातो. तो फोडून पाहण्याची ही रीत आहे.

सारीच उदाहरणे अशी चिंतेची नाहीत. एका द्रम्माला तीनशे आंबे आणि एका पणाला तीस उत्तम डाळिंबे मिळत असतील, तर दहा आंब्यांच्या बदल्यात किती डाळिंबे मिळतील, असा अदलाबदलीचा प्रश्न आहे. उत्तर सोळा. तीन व्यापारी अनुक्रमे ५१, ६८ आणि ८५ घालून धंदा करतात आणि शेवटी सगळे मिळून ३०० होतात. वाटणी ७५, १०० आणि १२५ अशी होते. ज्याने जेवढे घातले त्याच प्रमाणात त्याला मिळाले. एक यात्रेकरू आपल्या पैशांपैकी अर्धे प्रयागला देतो, उरलेल्यांपैकी दोन नवमांश काशीला खर्च करतो, पुन्हा उरलेल्यांचा चौथा भाग वाटेतल्या जकातीत जातो, बाकीच्यांपैकी सहा दशांश गयेला जातात आणि त्रेसष्ट निष्क घेऊन तो घरी येतो. निघताना त्याच्याजवळ ५४० निष्क होते. यात्रेच्या पुण्याबरोबर जकातही मोजणारे हे उदाहरण त्या काळच्या रस्त्यांविषयी बरेच सांगून जाते.

सर्वांत जिवंत उदाहरण एका वाटसरूचे आहे. एका द्रम्माला साडेतीन मापे तांदूळ आणि आठ मापे मूग असा भाव आहे. वाटसरूजवळ तेरा काकिणी आहेत. त्याला दोन भाग तांदूळ आणि एक भाग मूग हवेत आणि तेही लवकर, कारण सोबतचा तांडा पुढे निघायच्या बेतात आहे आणि त्याला जेवून त्याच्याबरोबर जायचे आहे. वाण्याने सात द्वादशांश माप तांदूळ आणि सात चोविसांश माप मूग मोजून द्यायचे. तांदळाच्या दहा पूर्णांक दोन तृतीयांश काकिणी आणि मुगाच्या दोन पूर्णांक एक तृतीयांश काकिणी झाल्या. बेरीज बरोबर तेरा. खिशातले पैसे ठरलेले, भाव ठरलेला, खिचडीचे प्रमाण ठरलेले आणि वेळ थोडा, अशा प्रसंगी गणित करावे लागते हे भास्कराचार्यांना ठाऊक होते.

लीलावती हा आपल्या काळाचा ग्रंथ आहे आणि त्या काळच्या बाजारातील कटू गोष्टीही त्यात येतात. व्यस्त त्रैराशिकाच्या उदाहरणांत बैलाच्या किमतीप्रमाणे विकल्या जाणाऱ्या स्त्रीची वयानुसार किंमत काढायला सांगितली आहे. माणसांची खरेदीविक्री तेव्हा चालत असे आणि ती गणिताच्या पाठातही सहज येऊन बसली होती. आजच्या वाचकाला ते उदाहरण टोचते आणि ते टोचलेच पाहिजे.

भास्कराचार्यांची शिकवण्याची रीत विशेष होती. नियम आणि उदाहरणे त्यांनी पद्यात रचली, कारण तेव्हा पाठांतर हेच शिक्षणाचे मुख्य साधन होते. सोडवणूक मात्र पाटीवर अथवा धुळीवर आकडे मांडून करायची असे. पद्यावर त्यांनी स्वतःच गद्यात स्पष्टीकरणही लिहिले. शब्द थोडे, सोपे आणि कोमल असावेत असा त्यांचा प्रयत्न होता. उदाहरण घालताना ते कधी मित्राला हाक मारतात, कधी वाण्याला, तर कधी बालिकेला. विद्यार्थ्याला त्याच्या जाणकारीची आठवण करून देत ते प्रश्न विचारतात आणि उत्तर चटकन सांग, असे लाडिक आव्हानही देतात.

या बालिकेभोवती एक कथा गुंफली गेली. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी. तिच्या विवाहाची शुभ घटिका मोजण्यासाठी पाण्यात घटिकापात्र ठेवले होते. त्यात वाकून पाहताना तिच्या वस्त्रावरील मोती पात्रात पडला, छिद्र बुजले आणि मुहूर्त टळून गेला. दुःखी मुलीचे नाव अमर करण्यासाठी पित्याने हा ग्रंथ लिहिला, अशी ती कथा आहे. ही कथा अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने १५८७ मध्ये केलेल्या फार्सी भाषांतरात येते. भास्कराचार्यांच्या ग्रंथात ती नाही. तरीही लोकांना ती आवडली. गणिताच्या पुस्तकाला एका मुलीचे नाव असावे आणि तिलाच प्रश्न विचारलेले असावेत, यात लोकांना गोडी वाटली असावी. प्रत्यक्षात मुलींना पाठशाळेचे दार बंदच होते.

आणि ते केवळ मुलींनाच बंद नव्हते. लीलावती संस्कृतात होती. ज्या शेतकऱ्याची रास मोजली जात होती आणि ज्या कर्जदाराचे व्याज चढत होते, त्यांच्यापर्यंत ती पोहोचणे कठीण होते. पुढील काळात गावोगावच्या पंतोजींच्या शाळांत मुले पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दिडकी घोकत. दुकानदारांच्या मुलांचे काम त्यावर भागत असे. कष्टकऱ्यांच्या मुलांना तेही क्वचितच मिळे. लीलावतीतील प्रश्न ज्यांच्या जगण्यातले होते, त्यांना त्यांची उत्तरे काढता येण्यासाठी कित्येक शतके जावी लागली.

पंडितांच्या जगात मात्र हा ग्रंथ दूरवर गेला. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ मध्ये त्यावर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली आणि नियम कसे सिद्ध होतात ते दाखवले. महाराष्ट्रातील गणिती पंडित पुढे उत्तरेकडील दरबारांतही पोहोचले. जयपूर वसवणाऱ्या सवाई जयसिंगांच्या पदरी जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय पंडित होते. त्यांनी युक्लिडची भूमिती अरबीवरून संस्कृतात आणून 'रेखागणित' हा ग्रंथ सिद्ध केला. तो आकृत्यांचा आणि सिद्धतांचा ग्रंथ होता. दुकान, शेत आणि कर्ज यांच्या हिशेबासाठी विद्यार्थ्याला लीलावतीकडेच वळावे लागे. १८१६ मध्ये जॉन टेलर यांनी मुंबईत तिचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि १८१७ मध्ये कोलब्रुक यांचे भाषांतर लंडनमध्ये निघाले. त्यानंतर युरोपातील गणितज्ञांना भास्कराचार्यांचे नाव परिचित झाले.

ग्रंथाचा हा प्रवास फार नंतरचा. भास्कराचार्यांचे स्वतःचे उत्तरायुष्यही अभ्यासातच गेले. इ. स. ११८३ मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांनी 'करणकुतूहल' लिहिले. पंचांग करणाऱ्यांना ग्रहांची गणना झटपट करता यावी, हा त्याचा हेतू होता. मोठा सिद्धांतग्रंथ लिहिल्यानंतर तेहतीस वर्षांनीही रोजच्या कामाची सोय करून देणारे पुस्तक लिहावेसे त्यांना वाटले.

त्यांचे पुत्र लक्ष्मीधर हेही विद्वान होते. यादव राजा जैत्रपाल याने त्यांना पाटणहून आपल्या दरबारी नेले. लक्ष्मीधरांचे पुत्र चांगदेव हे सिंघण यादवाचे राजज्योतिषी झाले. चांगदेवांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटण येथे एक मठ स्थापन केला. हे पाटण म्हणजे जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळचे, सातमाळ्याच्या डोंगरांच्या कुशीतील ठिकाण. तेथील निकुंभवंशी मांडलिक सोइदेव याने १२०७ मध्ये श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणसमयी या मठाला दान दिले.

त्या दानाचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये प्रकाशात आणला. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे आणि त्यात भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ व कीर्ती वर्णिली आहे. दानाचा तपशील मात्र मराठीत कोरलेला आहे. ज्ञानेश्वरी लिहिली जाण्याच्या सुमारे ऐंशी वर्षे आधीची ही मराठी आहे. कोणी किती द्यायचे, हे बाजारातल्या प्रत्येकाला कळावे म्हणून ती वापरली असावी. गावात विकल्या जाणाऱ्या मालावर ग्राहकाकडून राजाला मिळणारा कर मठाकडे वळवला आहे. त्या ओळींत 'दाम' आहे, ग्राहकांनी द्यायच्या पाच सुपाऱ्या आहेत आणि गावात जेवढे तेलाचे घाणे चालतील तेवढ्यांनी मठाला एकेक पळी तेल द्यावे, अशी नोंद आहे.